खिडकीतील मळा आणि आपला नेम

लंडन शहरी नोकरीनिमित्त स्थायिक झालेल्या एका माळकरी गृहस्थांनी कार्तिकीच्या सुमारास एक प्रश्न विचारला. प्रश्न वरवर पाहता भाजीपाल्याचा आहे, पण त्याच्या पोटात मोठा विचार आहे. ते म्हणाले, "महाराज, आमच्याकडे तुळशीचं लग्न लागतं आणि थंडी सुरू होते. बाहेर राहिलेली तुळस हिमाच्या एका रात्रीत काळी पडते. म्हणून आम्ही कुंडी घरात घेतो. तिच्या शेजारी खिडकीत कोथिंबीर, मेथी, पुदिना, थोडा सॅलडचा पाला लावतो आणि वर विजेचा दिवा सोडतो. घरात हिरवं दिसतं, जिवाला बरं वाटतं. पण मनात येतं, देवानं या देशाला हिवाळा दिला, झाडांना झोप दिली, आणि आम्ही दिवे लावून ती मोडतो. हा ऋतूशी हट्ट तर नाही ना? आणि दिव्याच्या उजेडात वाढलेली तुळस पांडुरंगाला चालते का?"

शंका प्रामाणिक आहे. शास्त्राची रीत अशी की, धर्माचा निर्णय देश, काल आणि पात्र पाहिल्यावाचून करू नये. तेव्हा आधी देश पाहू. आपल्या पंढरपुरात मार्गशीर्ष-पौषातला लहानात लहान दिवसदेखील सुमारे 11 तासांचा असतो. लंडनला त्याच सुमारास दिवस 8 तासांहूनही कमी. भर मध्याह्नी सूर्य क्षितिजावर जेमतेम 15 अंश चढतो; आपल्याकडे सकाळच्या कोवळ्या उन्हात असतो तसा. दुपारचे चार वाजले की अंधार. खिडकी दक्षिणेकडे असली तरी एवढ्या उजेडात बी रुजते खरे, पण रोप उजेडाच्या शोधात लांबच लांब वाढते, पिवळट होते आणि मान टाकते. म्हणून तिकडची मंडळी रोपांवर वीतभर अंतरावर दिवा टांगतात आणि रोज 12 ते 14 तास तो लावून ठेवतात. हौसेचा भाग त्यात असेल, पण त्या देशात ती रोपाची गरजही आहे.

आता पूर्वपक्ष मांडू. पहिला आक्षेप असा की, ऋतू ईश्वराने नेमलेला आहे; त्याच्या विरुद्ध जाऊन अकाली पीक घेणे म्हणजे ईश्वरी व्यवस्थेशी झगडा.

याला उत्तर सोपे आहे. आषाढात पालखीबरोबर चालताना पाऊस आला की आपण घोंगडी घेतो, इरले घेतो, हल्ली प्लॅस्टिकचा कागद घेतो. तो काय पावसाशी झगडा झाला? विहिरीचे पाणी पाटाने नेऊन उन्हाळ्यात भाजी पिकवणारा माळी नास्तिक ठरतो काय? सावतोबांचे नाव घेतल्यावर असे म्हणण्याची कुणाची छाती होणार नाही. अरणच्या त्या माळ्याने मळ्यालाच पंढरी मानले, आणि देव त्यांच्या भेटीला मळ्यात गेला, असे आपली परंपरा सांगते. ज्या ईश्वराने हिमाळा दिला त्यानेच माणसाला चूल पेटवण्याची आणि दिवा लावण्याची बुद्धी दिली. एक घ्यायचे आणि दुसरे टाकायचे, हे अर्धे शास्त्र झाले.

दुसरा आक्षेप यापेक्षा बळकट आहे. "हे सारे जिभेचे चोचले. हिवाळ्यात तिकडे कंदमुळे मिळतात, साठवलेले धान्य आहे. हिरवी कोथिंबीर हवीच कशाला?" येथे जरा थांबले पाहिजे, कारण याचे उत्तर 'हो' असेही आहे आणि 'नाही' असेही आहे. इतिहासातली दोन उदाहरणे देतो.

रोमचा सम्राट टायबेरियस याने इसवी सन 14 ते 37 या काळात राज्य केले. त्याला काकडीच्या जातीचे एक फळ फार आवडे. प्लिनी नावाच्या रोमन ग्रंथकाराने लिहून ठेवले आहे की, ते फळ सम्राटाच्या पानात नाही असा एक दिवस जात नसे. त्यासाठी चाकांवरचे वाफे केले होते. माळी ते ढकलून उन्हात नेत आणि थंडीत पारदर्शक दगडाच्या झडपांखाली आणून ठेवीत. म्हणजे खिडकीतला मळा हा काही आजचा शोध नव्हे.

दुसरे उदाहरण 1819 सालचे. कॅप्टन विल्यम एडवर्ड पॅरी हा इंग्रज दर्यावर्दी 'हेक्ला' आणि 'ग्रायपर' ही दोन जहाजे घेऊन उत्तरेच्या हिमसागरात गेला आणि मेल्व्हिल बेटापाशी त्याला हिवाळा काढावा लागला. तेथे सुमारे तीन महिने सूर्याचे दर्शनच होत नाही. 1820 च्या जानेवारीत जहाजावरच्या एका गोलंदाजाला स्कर्व्ही झाली. ताजा पाला, ताजी फळे फार दिवस पोटात न गेल्याने हा रोग होतो; हिरड्या सुजतात, रक्त येते, हातपाय गळतात. 'क' जीवनसत्त्व हा शब्द तेव्हा जन्मलाही नव्हता, पण ताज्या पाल्याने गुण येतो हे खलाशांना ठाऊक होते. पॅरीने काय करावे? आपल्या खोलीतून शेगडीचा नळ जात होता, त्याच्या कडेने लहान उथळ पेट्या ठेवल्या, त्यांत माती भरली आणि मोहरी आणि क्रेस यांचे बी पेरले. सहा-सात दिवसांत पाला उतरू लागला. उजेड नसल्यामुळे तो पांढराफटक होता, पण चव तीच झणझणीत. तो रोज खाऊ घातला आणि नऊएक दिवसांत आजारी माणूस जहाजावर हिंडूफिरू लागला. आपल्या आयाबहिणींना सांगितले पाहिजे की, इंग्रज ज्याला क्रेस म्हणतात ते दुसरे काही नसून आपले हळीव आहे, बाळंतिणीला ज्याचे लाडू देतात तेच.

आता पाहा. सम्राटाने वाफे घरात घेतले, कप्तानानेही घेतले. बी-माती-पाणी तेच, ऋतू तोच, युक्तीही तीच. पण एका ठिकाणी रोप एका जिभेची चाकरी करीत होते, दुसऱ्या ठिकाणी एका जिवाची. म्हणून सांगतो, कर्माचे रूप पाहून पाप-पुण्य ठरत नाही. भूक कोणाची आणि फळ कोणाला, हे विचारावे लागते. तुमच्या खिडकीतली कोथिंबीर देवाच्या नैवेद्यावर पडते, आल्यागेल्याच्या पानात पडते, शेजारच्या आजाऱ्याच्या कढणात पडते, तर तिला चोचला कोण म्हणेल? आणि ती नुसती समाजमाध्यमावर फोटो दाखवण्यापुरती असेल, तर मग सम्राटाची चाके अजून फिरताहेत म्हणायची!

इथवर सोपे होते. खरा प्रश्न पुढेच आहे, आणि तो गृहस्थांनी विचारला नाही. रोप घरात घ्यावे की नाही हा प्रश्न फारसा अवघड नाही. घेतल्यानंतर आपण त्याचे कोण लागतो, हा अवघड आहे.

उघड्यावरच्या झाडाची काळजी कोण घेतो? आपण सकाळी तांब्याभर पाणी घालतो आणि 'मी तुळस वाढवली' म्हणतो. ऊन कोणी दिले? वारा कोणी दिला? मावा पडला तर तो खाणारे ढालकिडे कोणी धाडले? पानांवरची धूळ कोणत्या पावसाने धुतली? ही सारी कामे मुकाट्याने होत होती, म्हणून दिसत नव्हती. कुंडी घरात आणली की ती एकदम थांबतात. ऊन नाही, तर दिवा लावा. पाऊस नाही, तर पाने पुसा. ढालकिडा नाही, म्हणून मावा चार दिवसांत सगळी फांदी व्यापतो. रोज पान उलटून पाहा. खिडकीच्या काचेला पान टेकले तर रात्री थंडीने करपते आणि खाली शेगडीचा नळ असला तर मुळे सुकतात. मधली जागा शोधा.

आणि वारा! याची गंमत सांगण्याजोगी आहे. बंद घरात वाढलेले रोप उंच होते पण त्याच्या देठाला बळ नसते. जाणते लोक अशा रोपांवरून रोज हलकेच हात फिरवतात, इकडून तिकडे झुकवतात. त्या धक्क्यांनी रोप बुटके राहते पण देठ जाड होतो, ताठ उभा राहतो. वाऱ्याचा मार म्हणून आपण ज्याची कीव करीत होतो, तेच त्याचे शिक्षण होते.

तात्पर्य काय? जो जीव आपण उघड्यावरून घरात आणला, त्याचा ऋतू आता आपण झालो. आणि ऋतू कधी म्हणत नाही की आज मला सवड नाही.

गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणत्याही कर्माची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा आणि दैव. तेथे अधिष्ठान म्हणजे देह. आपण आपल्या कामापुरते ते कुंडीला लावू. कुंडी आणि माती हे अधिष्ठान. पेरणारा तो कर्ता. झारी, दिवा, हात ही करणे. पाणी घालणे, कुंडी फिरवणे, दिवा लावणे-मालवणे या चेष्टा. चारही आपल्या हातची झाली. मग मेथीचे भिजवलेले बी दोन-चार दिवसांत उगवते आणि धणे आठ दिवस, पंधरा दिवस, थंडीत तीन आठवडेसुद्धा मुके राहतात, हे कोणाच्या हातचे? धणा रगडून दोन फाके करून पेरावा हे आपण जाणतो, पण आतला अंकुर काही आपल्या रगडण्याने बनत नाही. ते पाचवे कारण. शेतात ते इतके विशाल असते की आपल्याला दिसत नाही. खिडकीत बाकीची चार कामे स्वतः करावी लागली, म्हणजे हे पाचवे वेगळे उठून दिसते. सगळे हाताने करणाऱ्याचा अहंकार वाढेल असे वाटते, पण नीट पाहणाऱ्याचा तो येथे उतरतो. हा या लहानशा मळ्याचा मला दिसलेला मोठा उपयोग आहे.

आता घरातली रोपे कशाने मरतात ते ऐका. पाणी न मिळाल्याने थोडी मरतात, पाण्याने पुष्कळ मरतात. घरातला माणूस जाता-येता प्रेमाने पाणी घालतो. हिवाळ्यात ऊन मंद, वाढ मंद, पाणी पिण्याची शक्तीही मंद. माती ओलीगच्च राहते, मुळे कुजतात, कोवळी रोपे बुंध्याशी बारीक होऊन कोलमडतात. मरणाऱ्या रोपाकडे पाहून तो आणखी पाणी घालतो! वरची माती बोटाला कोरडी लागेपर्यंत थांबणे, हीच तेथे सेवा असते. उजेडाचेही तसेच. दिवा चोवीस तास ठेवला तर पालकाला वाटते उन्हाळ्याचे लांब दिवस आले, आणि तो पाने द्यायची सोडून तुऱ्यावर येतो. जिवाला रात्रही द्यावी लागते. आपल्याकडे द्वादशीला तुळस तोडू नये, दिवस मावळल्यावर तोडू नये, हे नियम वाडवडिलांनी घालून दिले. त्यांत भाव तर आहेच, पण झाडाला विसावा देण्याची समजही आहे. सॅलडचा पाला खुडणारेही बाहेरची पाने घेतात आणि मधला गाभा राखतात. मग तेच रोप पुन:पुन्हा देत राहते. गाभा ओरबाडला की संपले.

म्हणजे प्रेम हवे, पण प्रेमाला विवेकाचा बांध हवा. आणि दोहोंना नेम हवा. वारकऱ्याला नेमाची महती मी काय सांगावी? आपला सारा संप्रदायच नेमावर उभा आहे. एकादशी चुकत नाही, हरिपाठ चुकत नाही, वारी चुकत नाही. ऊर भरून आला तरच पंढरीला जाऊ म्हणणाऱ्याची वारी होत नसते. महिनाभर विसरून एके दिवशी बादलीभर पाणी ओतल्याने रोप जगत नाही. थोडे, वेळेवर, रोज.

आता मनातली गोष्ट बोलतो. हे सारे रोपांविषयी बोलत असताना माझ्या डोळ्यांपुढे माणसे उभी राहत होती.

मुलगा परदेशी गेला, सुस्थितीत आला, आईला गावाहून घेऊन गेला. चांगले केले. गावी हिमाची रात्र होतीच. एकटेपण, आजारपण, रिकामे घर. खोलीत ऊब आहे, औषधे वेळेवर आहेत, मोठा दूरदर्शन संच आहे. सकाळी आठाला सगळी कामावर, शाळेत. चारला अंधार. म्हातारी खिडकीशी. तिचे ऊन कोणते होते? गावचा ओटा. तिचा वारा कोणता? शेजारणीची हाक, देवळातली काकडआरती, एकादशीचे भजन, भाजीवालीशी घासाघीस. ते सारे फुकट मिळत होते म्हणून कुणाच्या हिशेबात नव्हते. तिला घरात आणली, तेव्हा तो सगळा ऋतू कोणी अंगावर घेतला?

आणि वर प्रेमाचे पाणी: "आई, तू काही करू नकोस. तू नुसती बस." बोलणाऱ्याचा भाव निर्मळ असतो, यात शंका नाही. पण हातातले काम काढून घेतले की वाऱ्यावाचून वाढलेल्या रोपासारखा माणसाचा देठ मऊ पडतो. तिला निवडायला मेथी हवी, रागवायला नातू हवा, ठरल्या वेळी तिची वाट पाहणारे कोणीतरी हवे.

हे फक्त लंडनचे नाही बरे! पुण्या-मुंबईत सातव्या मजल्यावर, जाळीच्या खिडकीशी, लातूर-बीडहून आणलेली अशी किती माणसे बसली असतील! तेथे हिम पडत नाही एवढाच फरक.

आपल्या दैवताच्या उभे राहण्याची कथा तरी काय आहे? पुंडलिक आईबापांची सेवा करीत होता. साक्षात देव दारात आला, तरी त्याने सेवेची वेळ मोडली नाही. वीट पुढे केली आणि थांबायला सांगितले. देवाला राग आला नाही, तो उभा राहिला. आपण विटेवरच्या देवाला पाहायला जातो आणि वीट का टाकली ते विसरतो. पुंडलिक त्या घटकेला आईबापांचा ऋतू झाला होता. ऋतूला रजा नसते, हे देवानेही मान्य केले.

तेव्हा त्या गृहस्थांना माझे उत्तर असे. तुळस अवश्य घरात घ्या. तुम्ही घेतली नाहीत तर ती मरेल, आणि हाती उपाय असता मरू देणे हा ऋतूचा मान राखणे नव्हे. दिव्याचे तेज आणि सूर्याचे तेज एकाच तेजतत्त्वाची रूपे आहेत; त्या तुळशीचे पान पांडुरंगाला चालते, असे माझ्या अल्पमतीला वाटते. उलट जिच्यासाठी रोज पहाटे उठून दिवा लावला, रोज पान उलटून पाहिले, तिच्या पानाला नेमाचा सुगंध अधिक आहे. कोथिंबीर, मेथी, हळीव लावा. पण एवढे करा. त्या मळ्याची मालकी घरातल्या सर्वांत एकट्या माणसाकडे द्या. आई असेल तर आईकडे. पाणी किती, दिवा कधी, काय खुडायचे, हे तिने ठरवावे आणि तुम्ही तिला विचारून मगच पान तोडावे. आणि संध्याकाळी ठरल्या वेळी, दिवा मालवण्याआधी, तिच्याजवळ बसून हरिपाठ म्हणा. वीस-पंचवीस मिनिटे लागतात.

इकडच्या वाचकांनीही एक करून पाहावे. ताटलीत ओले फडके घालून चिमूटभर हळीव पेरा आणि खिडकीत ठेवा. आठ-दहा दिवसांचे काम. फडके सुकू द्यायचे नाही, पाणी साचू द्यायचे नाही. सात दिवसांत आपण किती वेळा विसरतो ते मोजा. एका ताटलीचा ऋतू होताना आपली अशी तारांबळ उडते, तर माणसाचा ऋतू होणे काय असेल, याचा अंदाज येईल.

शेवटी एक शंका राहते. आषाढीला वारकरी वीसएक दिवस घर सोडतो. तेव्हा खिडकीतल्या कुंडीचे काय? घरातल्या पिकल्या पानाचे काय? वारी चुकवू नये. पण निघण्यापूर्वी शेजाऱ्याच्या दारी जाऊन कुंडी सोपवावी, कितीदा पाणी ते सांगावे, आणि आईजवळ दुपारी घटकाभर कोण बसेल ते ठरवून मग वीणेकऱ्याच्या मागे चालू लागावे. परत आल्यावर त्या शेजाऱ्याच्या हातावर बुक्का आणि प्रसाद ठेवावा. वारी त्यालाही घडलेली असते.

रामकृष्णहरि.